मताचा हक्क मिळवला, पण ते मत मोजायचं कसं? आयुष्यभर हाच प्रश्न विचारणाऱ्या कॅथरिन स्पेन्स

१० जून २०२२. महाराष्ट्रातून राज्यसभेच्या ६ जागा भरायच्या होत्या आणि रिंगणात ७ उमेदवार होते. मतदान करणारे फक्त आमदार, तरीही मोजणी रात्रभर रखडली आणि निकाल पहाटे आला. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती, तर भाजपचे धनंजय महाडिक यांना २७.

जिंकले मात्र महाडिक.

त्या दिवशी सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरत होता. ३३ वाला हरतो आणि २७ वाला जिंकतो, हे कसं काय? उत्तर होतं दुसऱ्या पसंतीच्या मतांत. जिंकायला साधारण ४१ मतांचा कोटा लागत होता. भाजपच्या पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं मिळाली होती. कोट्याच्या वरची मतं वाया जाऊ न देता ती दुसऱ्या पसंतीनुसार महाडिकांच्या खात्यात गेली आणि ते कोटा पार करून गेले. पवारांनाही आघाडीच्या इतर उमेदवारांची जास्तीची मतं मिळाली, पण ती कोट्याला पुरली नाहीत.

राज्यसभा, विधान परिषद आणि राष्ट्रपतीपदाची निवडणूक आपल्याकडे याच पसंतीक्रमाच्या पद्धतीनं होते. त्यामुळे ही पद्धत म्हणजे आमदार-खासदारांचं गणित, सामान्य माणसाला त्याच्याशी काय देणंघेणं, असा आपला समज असतो.

पण दीडशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात एक बाई होत्या. त्यांचं म्हणणं बरोबर उलटं होतं. ही पद्धत खरी गरजेची आहे ती सामान्य मतदारालाच, असं त्या गावोगाव फिरून सांगायच्या. त्यांचं नाव कॅथरिन हेलन स्पेन्स. २००१ साली ऑस्ट्रेलियानं आपल्या ५ डॉलरच्या खास नोटेवर त्यांचा चेहरा छापला. पण ज्या गोष्टीसाठी त्या सगळ्यात जास्त झटल्या, ती त्यांच्या स्वतःच्या राज्यात त्यांना हयातीत मिळाली नाही.

ही त्यांचीच गोष्ट.

ओंडक्यावर बसून रडणारी मुलगी

कॅथरिनचा जन्म ३१ ऑक्टोबर १८२५ चा. गाव स्कॉटलंडमधलं मेलरोज. वडील डेव्हिड स्पेन्स वकील होते, बँकेचंही काम बघायचे. आठ भावंडांचं खातंपितं घर. मुलगी अभ्यासात हुशार, पुढं शिकवायचा विचार पक्का होता.

तेवढ्यात वडिलांनी गव्हाच्या सट्ट्यात पैसे घातले आणि घर बुडालं.

गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. त्या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या बुडालेल्या घरांसमोर एक रस्ता असायचा, तो म्हणजे जहाजात बसून वसाहत गाठायची. साऊथ ऑस्ट्रेलिया ही वसाहत १८३६ मध्ये नुकतीच सुरू झाली होती. १८३९ च्या अखेरीस स्पेन्स कुटुंब तिथं पोचलं. कॅथरिन तेव्हा १४ वर्षांची होती.

राजधानी अ‍ॅडलेड, पण राजधानी म्हणावं असं तिथं काहीच नव्हतं. आखलेले रस्ते, धूळ, तंबू आणि लाकडी खोपटी. वडील भाड्याच्या घराची किल्ली आणायला गेले, तेव्हा लाइट स्क्वेअर नावाच्या मोकळ्या जागेत एका ओंडक्यावर बसून या मुलीनं रडून घेतलं. शाळा सुटली, गाव सुटलं, आता पुढं काय?

पुढं काय, ते वर्षभरातच समोर आलं.

१८४० ची ती छोटीशी निवडणूक

१८४० मध्ये अ‍ॅडलेडला नगरपालिका मिळाली. ऑस्ट्रेलियातली ही पहिली निवडून आलेली नगरपालिका. कॅथरिनचे वडील तिथले पहिले टाउन क्लार्क झाले, म्हणजे नगरपालिकेचा सगळा कागदोपत्री कारभार त्यांच्याकडे. साहजिकच निवडणुकीच्या गप्पा घरात व्हायच्या.

या निवडणुकीत एक वेगळा नियम होता. तो सुचवला होता रोलंड हिल यांनी. हिल म्हणजे तेच, ज्यांनी एक पेनीच्या तिकिटावर देशभर पत्र पाठवायची सोय इंग्लंडमध्ये आणली. साऊथ ऑस्ट्रेलिया वसवणाऱ्या मंडळाचे ते सचिव होते.

नियम साधा होता. मतदारांच्या संख्येला जागांच्या संख्येनं भागायचं. जो आकडा येईल तेवढे मतदार आपणहून एकत्र आले आणि त्यांनी एकमतानं एक नाव दिलं, तर तो माणूस निवडून आला. बाकीच्यांनी नेहमीसारखं मतदान करायचं. थोडक्यात, बहुमत नसलेल्या गटालाही स्वतःच्या संख्येच्या हिशोबानं माणूस पाठवता येणार होता. सार्वजनिक निवडणुकीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचं तत्त्व वापरल्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानलं जातं.

ती नगरपालिका काही वर्षांतच कर्जात बुडाली, तो नियमही विसरला गेला. पण टाउन क्लार्कच्या मुलीच्या डोक्यात तो कुठंतरी बसला.

कादंबरी स्वतःची, बातम्या भावाच्या नावावर

१८४६ मध्ये वडील गेले. त्याआधीच, १७ व्या वर्षापासून, कॅथरिन घरोघरी मुलांना शिकवून पैसे कमवू लागल्या होत्या. लग्नाची मागणी दोनदा आली, दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला.

त्यांना लिहायचं होतं. १८५४ मध्ये त्यांची क्लारा मॉरिसन ही कादंबरी लंडनमध्ये छापली गेली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. सोन्याच्या खाणी सापडल्या आणि पुरुषमंडळी कुदळी घेऊन तिकडं पळाली, तेव्हा मागं राहिलेल्या अ‍ॅडलेडची ती गोष्ट होती. ऑस्ट्रेलियाविषयी एका स्त्रीनं लिहिलेली ही पहिली कादंबरी मानतात. मानधन ठरलं ४० पौंड, त्यातले १० प्रकाशकानं पुस्तक छोटं करायच्या खर्चापायी कापून घेतले.

वर्तमानपत्रांसाठीही त्या लिहायच्या, पण बाईच्या नावानं राजकारणावरचं लिखाण छापणार कोण? म्हणून बातमीपत्रं जायची भाऊ जॉनच्या नावानं. स्वतःच्या कामासाठी वर्तमानपत्राकडून नियमित पैसे मिळू लागले ते थेट १८७८ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी.

१८५९ मध्ये त्यांच्या हातात इंग्लंडहून आलेलं एक मासिक पडलं. त्यात जॉन स्टुअर्ट मिल यांचा लेख होता. आपल्याकडे आगरकरांपासूनच्या सुधारकांनी वाचलेले तेच हे मिल. त्यांनी थॉमस हेअर नावाच्या एका इंग्रज वकिलाच्या योजनेची ओळख करून दिली होती.

तो लेख वाचला आणि १८४० ची नगरपालिका त्यांना पुन्हा आठवली.

हेअरची योजना नेमकी काय होती?

आता इथं थोडं थांबून गणित समजून घेऊ.

समजा एका शहरात ५ हजार मतदार आहेत आणि ५ जागा. ३ हजार लोक लाल पक्षाचे, २ हजार निळ्या पक्षाचे. शहराचे ५ सारखे वॉर्ड पाडले, प्रत्येकात १ हजार मतदार.

पहिली शक्यता. लाल-निळे लोक सगळीकडे सारखे पसरलेले आहेत. प्रत्येक वॉर्डात ६०० लाल, ४०० निळे. निकाल लागला ५-०. निळ्यांची २ हजार मतं होती, पण त्यांचा एकही माणूस सभागृहात गेला नाही.

दुसरी शक्यता. सीमा आखणारा माणूस निळ्या पक्षाचा आहे. त्यानं तीन वॉर्ड असे आखले की प्रत्येकात ५५० निळे आणि ४५० लाल. उरलेले ३५० निळे आणि १,६५० लाल त्यानं बाकीच्या दोन वॉर्डांत ढकलले. निकाल लागला निळे ३, लाल २. म्हणजे कमी मतं मिळवणारा पक्ष सत्तेत आला.

मतदार तेच, त्यांची मतंही तीच. बदलली फक्त नकाशावरची रेघ. आणि निकाल उलटा.

तिसरी शक्यता हेअरची. वॉर्ड पाडायचेच नाहीत. पाचही जागांचा एकच मतदारसंघ ठेवायचा आणि १ हजार मतांना एक जागा, असा कोटा ठरवायचा. ३ हजार लालांना ३ जागा, २ हजार निळ्यांना २.

मग प्रश्न येतो की एखाद्या लोकप्रिय उमेदवाराला एकट्यालाच २ हजार मतं पडली तर? त्यासाठी पसंतीक्रम. मतदारानं उमेदवारांपुढं १, २, ३ असे आकडे लिहायचे. कोट्याच्या वरची मतं दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. ज्याला सगळ्यात कमी मतं, तो बाद होतो आणि त्याच्या मतदारांचीही पुढची पसंती बघितली जाते. मत जिंकणाऱ्याच्या ढिगात साचून वाया जात नाही, हरणाऱ्याबरोबर बुडतही नाही.

आपल्या महापालिकांतल्या चार सदस्यांच्या प्रभागाशी याची गल्लत करू नका. तिथं प्रभाग एकच असला तरी प्रत्येक जागेची लढत वेगळी होते, त्यामुळे एकच पक्ष चारही जागा घेऊन जाऊ शकतो. हेअरच्या पद्धतीत ते सोपं नाही.

भावाचे पैसे, बहिणीची पुस्तिका

साऊथ ऑस्ट्रेलिया तेव्हा जगाच्या पुढं होतं. १८५६ च्या घटनेनं तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं होतं आणि तेही गुप्त मतदानानं. १८५७ च्या पहिल्या विधानसभेत अ‍ॅडलेड शहर हा ६ जागांचा एकच मतदारसंघ होता. पण मोजणी जुन्याच पद्धतीची, ज्यांना जास्त मतं ते सहाजण आत.

म्हणजे हेअरच्या पद्धतीला हवा तसा मतदारसंघ कॅथरिन यांच्या दारातच होता. फक्त मोजायची रीत बदलायची होती.

१८६१ मध्ये त्यांनी शुद्ध लोकशाहीची बाजू मांडणारी एक पुस्तिका लिहिली. भाऊ जॉननं पैसे दिले, १ हजार प्रती छापल्या आणि वसाहतीच्या संसद सदस्यांना वाटल्या.

घरच्या राजकारण्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. उलट १८६२ पासून अ‍ॅडलेड शहराचे पूर्व, पश्चिम, उत्तर असे तुकडे पडले. हवा तसा मतदारसंघ होता, तोही गेला.

इंग्लंडमध्ये मात्र पुस्तिकेची दखल घेतली गेली. हेअर, मिल आणि रोलंड हिल यांची पत्रं आली. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या, कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्या एका बाईनं आपली योजना इतकी स्वच्छ समजून घेतलीय, याचं त्यांना अप्रूप वाटलं. १८६५ मध्ये कॅथरिन इंग्लंडला गेल्या, तेव्हा हेअर आणि मिल यांना भेटल्या.

एका मुद्द्यावर मात्र त्यांनी गुरूची वाट सोडली. हेअर यांना अख्खा देश एकच मतदारसंघ हवा होता. शेकडो जागा, शेकडो उमेदवार, मतदारानं यादीतून कुणालाही निवडावं. कॅथरिन यांना ते झेपणारं वाटलं नाही. मतदाराला आपल्या भागाशी नातं हवं असतं आणि मतपत्रिका हातात मावेल एवढी हवी. म्हणून त्यांनी मधला रस्ता काढला. मतदारसंघ मोठे करायचे, प्रत्येकातून अनेक सदस्य पाठवायचे आणि मोजणी हेअरच्या पद्धतीनं करायची.

मिल १८६७ मध्ये हेअरची योजना ब्रिटिश संसदेत घेऊन गेले. तिथं ती मंजूर झाली नाही.

मधली वीस-पंचवीस वर्षं

मग हा विषय मागं पडला, पण कॅथरिन रिकाम्या बसल्या नाहीत. अनाथ आणि निराधार मुलांना मोठ्या आश्रमात कोंडून ठेवण्याऐवजी साध्या कुटुंबांत वाढवावं, यासाठी कॅरोलाइन एमिली क्लार्क यांच्याबरोबर त्यांनी १८७२ मध्ये संस्था उभी केली. स्वतः लग्न केलं नव्हतं, पण वेगवेगळ्या तीन कुटुंबांतली पोरकी झालेली मुलं त्यांनी आपल्या घरात वाढवली.

१८८० मध्ये त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी नागरिकशास्त्राचं पुस्तक लिहिलं. कर का भरायचा, कायदा कोण करतं, मतदान कसं होतं, हे सोप्या भाषेत सांगणारं. अशा प्रकारचं ऑस्ट्रेलियातलं ते पहिलंच पाठ्यपुस्तक.

हे सगळं बाईनं करायला समाजाची ना नव्हती. मुलं, शाळा, दानधर्म ही बायकांची कामं. पण मतमोजणी?

६६ व्या वर्षी पुन्हा सुरुवात

१८९२ मध्ये, वयाची पासष्टी उलटल्यावर, कॅथरिन स्पेन्स व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि साऊथ ऑस्ट्रेलियाच्या गावागावांत सभा घेऊ लागल्या. रॉबर्ट बार स्मिथ या श्रीमंत गृहस्थानं खर्चाला हात दिला.

प्रमाणशीर प्रतिनिधित्व हे नाव लोकांच्या तोंडी बसणार नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी सोपं नाव घेतलं. परिणामकारक मतदान. ज्या मताचा निकालावर काहीतरी परिणाम होतो, ते मत.

विरोधकांचं मुख्य म्हणणं असं होतं की ही पद्धत फार किचकट आहे, सामान्य माणसाला ती जमणार नाही. कॅथरिन यांनी त्याला भाषणातून उत्तर दिलंच नाही. त्या सभेला आलेल्या लोकांच्या हातात नमुना मतपत्रिकाच द्यायच्या. उमेदवारांची नावं छापलेली, समोर १, २, ३ लिहायचं. लोक लिहायचे, मग सगळ्यांच्या देखत मोजणी व्हायची. जास्तीची मतं कशी सरकतात, बाद उमेदवाराची मतं कुठं जातात, हे शेतकरी, दुकानदार आणि कामगार डोळ्यांनी बघायचे. मतदाराचं काम सोपं आहे, अवघड आहे ते मोजणाऱ्याचं काम, आणि मोजणाऱ्याला त्यासाठी पगार मिळतो, हा साधा मुद्दा त्यातून आपोआप पोचायचा.

१८९३ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या. शिकागोत तेव्हा जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपल्याला माहीत असतं. त्याच वर्षी त्याच शहरात प्रमाणशीर प्रतिनिधित्वावरही परिषद झाली आणि तिथं कॅथरिन बोलल्या. मग अमेरिकेत आणि परतीच्या वाटेवर ब्रिटनमध्ये सभा घेत त्या १८९४ च्या अखेरीस घरी आल्या.

बायकांना मत मिळालं, पुढं काय?

त्या परतल्या तेव्हा साऊथ ऑस्ट्रेलियात इतिहास घडत होता. १८ डिसेंबर १८९४ ला तिथल्या संसदेनं बायकांना मताचा हक्क दिला आणि त्याबरोबर संसदेची निवडणूक लढवायचाही. न्यूझीलंडनं वर्षभर आधी बायकांना मत दिलं होतं, पण उमेदवारी नाही. एका विरोधकानं विधेयक पडावं म्हणून उमेदवारीची मागणी मुद्दाम पुढं केली होती, अशी त्यामागची हकिकत. डाव उलटला आणि दोन्ही हक्क एकदम मिळाले.

या चळवळीत कॅथरिन १८९१ पासून महिला मताधिकार संघाच्या उपाध्यक्ष म्हणून होत्या. पण त्या उशिरा आल्या होत्या आणि त्याचं कारणही उघड होतं. त्यांना मताचा हक्क हवाच होता. पण मोजायची पद्धत तशीच ठेवून मतदार दुप्पट केले, तर वाया जाणारी मतंही दुप्पट होतील, असा त्यांचा हिशोब होता. आधी मताला किंमत द्या, मग ते सगळ्यांना द्या, हा त्यांचा क्रम होता. चळवळीतल्या अनेकींना तो पटायचा नाही.

१८९५ मध्ये त्यांनी परिणामकारक मतदानासाठी वेगळी संघटना काढली. आणि १८९७ मध्ये थेट मैदानात उतरल्या.

ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन एक देश होणार होत्या. त्या देशाची घटना लिहिणाऱ्या सभेसाठी साऊथ ऑस्ट्रेलियातून १० प्रतिनिधी निवडायचे होते. कॅथरिन यांनी अर्ज भरला आणि त्या ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या महिला राजकीय उमेदवार ठरल्या. वय ७१. घटनेतच मतमोजणीची योग्य पद्धत यावी, एवढाच त्यांचा मुद्दा.

निवडणुकीआधी तिथले प्रीमियर, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद, चार्ल्स किंग्स्टन यांनी शंका काढली की बाई निवडून आली तरी ती निवड कायद्यात बसेल का? आपलं मत वाया जाईल म्हणून काही मतदार तिथंच मागं हटले असणार.

निकाल आला. ३३ उमेदवारांत त्या बाविसाव्या. ७ हजारांहून अधिक लोकांनी त्यांना मत दिलं होतं. पण ती निवडणूक जुन्याच पद्धतीची होती. प्रत्येक मतदाराला दहा मतं, ज्यांना जास्त ते दहाजण आत. ज्या पद्धतीविरुद्ध त्या लढत होत्या, त्याच पद्धतीत त्या हरल्या.

शेजारच्या बेटानं ऐकलं

साऊथ ऑस्ट्रेलियाच्या संसदेत त्यानंतर परिणामकारक मतदानाची विधेयकं आली, पण कायदा झाला नाही. झाला तो टास्मानियात. तिथले अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांनी १८९६ मध्ये हेअरची पद्धत थोडी सुधारून कायद्यात आणली. १८९७ मध्ये होबार्टच्या ६ आणि लॉन्सेस्टनच्या ४ जागा त्या पद्धतीनं निवडल्या गेल्या. १९०७ मध्ये ती संपूर्ण टास्मानियाला लागू झाली आणि १९०९ मध्ये ५ मतदारसंघांतून प्रत्येकी ६ असे ३० आमदार निवडून आले.

इथं मतदारसंघांचा प्रश्नही मिटला. हे ५ मतदारसंघ म्हणजे देशाच्या संसदेसाठी आधीच आखलेले टास्मानियाचे ५ भाग. राज्यातल्या पुढाऱ्यांनी नकाशा घेऊन बसायचंच नाही. आणि एका मतदारसंघातून सहाजण जाणार असले, तर सीमा इकडून तिकडं सरकवूनही फारसा फायदा होत नाही.

टास्मानियात आजही हीच पद्धत आहे. २०२४ पासून प्रत्येक मतदारसंघातून ७, असे ३५ आमदार तिथं निवडले जातात.

कॅथरिन यांनी १९०९ ची ती निवडणूक पाहिली. त्याच सुमारास त्या आत्मचरित्र लिहीत होत्या. ३ एप्रिल १९१० ला, ८४ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा ते अर्धंच झालं होतं. त्यांच्या सहकारी जीन यंग यांनी उरलेला भाग त्यांच्या टिपणांवरून पुरा केला.

न ऐकल्याची किंमत

कॅथरिन यांचं न ऐकल्यामुळे साऊथ ऑस्ट्रेलियाचं काय झालं, ते त्यांच्या मृत्यूनंतर दिसलं.

१९३६ मध्ये तिथं नवा कायदा झाला. विधानसभेच्या ३९ जागा, प्रत्येक एकसदस्यीय. त्यातल्या २६ ग्रामीण भागाला आणि फक्त १३ अ‍ॅडलेड शहराला. पुढं शहर वाढत गेलं, पण वाटणी तीच राहिली. शहरातल्या एका आमदारामागं ग्रामीण आमदाराच्या कितीतरी पट मतदार झाले.

या वाटणीच्या जोरावर थॉमस प्लेफोर्ड १९३८ ते १९६५, सलग २६ वर्षांहून अधिक काळ प्रीमियर राहिले. १९६८ मध्ये तर लेबर पक्षाला निम्म्याहून जास्त मतं पडली, तरी त्यांची सत्ता गेली. लोकांनी या प्रकाराला प्लेमँडर असं नाव पाडलं. अमेरिकेत १८१२ मध्ये गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात वेड्यावाकड्या आखलेल्या मतदारसंघावरून गेरीमँडर हा शब्द आला होता, त्याचीच ही ऑस्ट्रेलियन आवृत्ती. शेवटी जनक्षोभ एवढा वाढला की १९६८ ला याच वाटणीमुळे सत्तेत आलेल्या स्टील हॉल यांनाच ती बदलावी लागली.

१९४९ पासून ऑस्ट्रेलियाच्या सिनेटची निवडणूक पसंतीक्रमाच्या प्रमाणशीर पद्धतीनं होऊ लागली. साऊथ ऑस्ट्रेलियाच्या वरच्या सभागृहात १९७५ पासून प्रमाणशीर निवडणूक होते. पुढं १९८२ पासून मतांचं हस्तांतरणही आलं. अख्खं राज्य एकच मतदारसंघ आणि एका वेळी ११ सदस्य. नकाशावर रेघ मारायचा प्रश्नच नाही. कॅथरिन यांच्या पुस्तिकेला तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती. खालच्या सभागृहात मात्र आजही एका जागेचा एकेक मतदारसंघ आहे.

भारतातही चित्र असंच अर्धं आहे. १९४६ मध्ये आपली संविधान सभा प्रांतांच्या विधिमंडळांनी याच पद्धतीनं निवडली होती. राज्यसभेला ती आहे, विधान परिषदेला आहे, राष्ट्रपतींना आहे. लोकसभा आणि विधानसभेला मात्र एक मतदारसंघ, एक जागा आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, हाच नियम. त्यामुळे मतदारसंघ पुनर्रचनेचा विषय निघाला की देशभर वाद पेटतो. रेघ कुठं पडणार, यावर खूप काही अवलंबून असतं, हे सगळ्या पक्षांना ठाऊक आहे.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. आपला एकच हक्काचा आमदार राहत नाही, मोजणीला वेळ लागतो, सरकारं आघाडीची बनतात. कॅथरिन यांच्यासमोरही हेच आक्षेप होते आणि आजही ते संपलेले नाहीत. पण त्यांनी विचारलेला प्रश्नही संपलेला नाही. निम्म्या लोकांचं मत निकालात कुठंच दिसत नसेल, तर त्या लोकांनी मत दिलं म्हणायचं का?

अ‍ॅडलेडच्या लाइट स्क्वेअरमध्ये १९८६ पासून कॅथरिन स्पेन्स यांचा पुतळा उभा आहे. हा तोच चौक, जिथं १४ वर्षांची एक मुलगी ओंडक्यावर बसून रडली होती.